सुरू होते आणि बंद पडते!

शाळेच्या किंवा जिमखान्याच्या मैदानावर गवत कापणारे पेट्रोलचे यंत्र तुम्ही पाहिले असेल. माळीबुवा दोरी ओढतात, इंजिन सुरू होते, आणि यंत्र चार पावले पुढे जाते न जाते तोच बंद पडते. पुन्हा दोरी, पुन्हा तोच प्रकार. गणेशोत्सवातला छोटा जनरेटर किंवा शेतावरचा पेट्रोलवर चालणारा पंपही असाच हट्टीपणा करतो. अशा वेळी बहुतेक जण आधी प्लग बदलतात, मग आख्खा कार्ब्युरेटर बदलतात, आणि पैसे घालवूनही यंत्र कोपऱ्यात गंजत पडते ते पडतेच.

वास्तविक मुळीच सुरू न होणाऱ्या इंजिनापेक्षा हे इंजिन आपल्याला बरेच काही सांगत असते. ते सुरू झाले, याचा अर्थ सिलिंडरमधला दाब, ठिणगी आणि इंधन ही तिन्ही निदान काही क्षण तरी हजर होती. मग त्यांतले कोण निघून गेले? या प्रश्नाचे निम्मे उत्तर घड्याळ देते. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी इंजिन किती वेळ चालते ते मोजा.

आता थोडे गणित करू. समजा, इंजिन १५० घन सेंटिमीटरचे आहे आणि मिनिटाला ३,००० फेरे घेते. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच श्वास घेते, म्हणजे मिनिटाला १,५०० वेळा. पूर्ण श्वास घेतला तर मिनिटाला २२५ लिटर हवा लागेल. पण भार कमी असताना झडप बरीचशी मिटलेली असते, म्हणून पाव हिस्सा, सुमारे ५५ लिटर, धरू. एक लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम, म्हणजे हवा झाली ६६ ग्रॅम. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. तेव्हा मिनिटाला साधारण साडेचार ग्रॅम, म्हणजे ६ मिलिलिटर पेट्रोल पुरते. चहाच्या चमच्यापेक्षा जरासे जास्त! हा आकडा लक्षात ठेवा.

इंजिन काही सेकंदांतच बंद पडत असेल तर संशय चोकवर नव्हे, तर चोक ज्याचे उणे झाकतो त्या जेटवर घ्यावा. थंड इंजिनात पेट्रोलचे बाष्प नीट होत नाही; त्यातले हलके घटक तेवढे उडतात. म्हणून सुरुवातीला पेट्रोल जास्त द्यावे लागते. चोक मिटला की हवेची वाट अडते आणि दट्ट्याचे सारे शोषण जेटच्या भोकावर येते. भोक निम्मे तुंबलेले असले तरी तेव्हा पेट्रोल पुरते. चोक उघडला की मात्र अरुंद गळ्यातून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे जो थोडा दाब कमी होतो (बर्नूलीचे तत्त्व तुम्हांला ठाऊक आहेच) तेवढ्याच आधारावर पेट्रोल वर चढायचे असते. तुंबलेल्या भोकातून ते पुरेसे येत नाही. तपासणी सोपी आहे. इंजिन गचके देऊ लागताच चोक अर्धा मिटा. ते सावरले तर पेट्रोल कमी पडते आहे. ठिणगी निर्दोष आहे. उलट ते काळा धूर सोडून अधिकच गुदमरले, तर एअर फिल्टर धुळीने बंद झाला आहे का ते पाहा.

जेटचे भोक एक मिलिमीटरपेक्षाही लहान असते. महिनोन्महिने साठलेल्या पेट्रोलचा चिकट डिंक त्यात बसतो. भोकाचा व्यास तीन दशांशाने कमी झाला तरी क्षेत्रफळ जवळजवळ निम्मे होते, कारण ते व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. आणि म्हणूनच ते तारेने कोरू नये. व्यास १० टक्क्यांनी वाढला तर क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते आणि नवाच रोग जडतो! कार्ब्युरेटर क्लीनर आणि दाबाची हवा पुरे.

यात आणखी एक भर पडली आहे. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि पाणी फार झाले की दोघे मिळून तळाशी वेगळा थर करतात. जेट नेमका तळाजवळ! शिक्षकांनी प्रयोगशाळेत, जवळपास ज्योत नाही याची खात्री करून, मोजपात्रात १० मिलिलिटर पाणी आणि ९० मिलिलिटर असे पेट्रोल हलवून दाखवावे. खालचा थर १० वरून २५ च्या पुढे जातो. हे वाढलेले पाणी नव्हे, पेट्रोल सोडून आलेले इथेनॉल.

आता इंजिन पाच-सहा मिनिटे उत्तम चालते आणि मग धापा टाकत बंद पडते असे समजा. गोडेतेलाचा डबा फोडताना वाणी दोन भोके पाडतो, ते का? एकातून तेल बाहेर येते, दुसऱ्यातून हवा आत जाते. इंजिनाच्या टाकीचे दुसरे भोक तिच्या झाकणात असते आणि ते धूळ व गवताच्या भुश्शाने बुजते. टाकीतले पेट्रोल कार्ब्युरेटरपेक्षा १५ सेंटिमीटर उंच असेल, तर तेवढ्या स्तंभाचा दाब ११ सेंटिमीटर पाण्याइतका, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम १ टक्का असतो. टाकीतल्या हवेचा दाब १ टक्क्याने उतरला की प्रवाह थांबलाच! वर अर्धा लिटर हवा असेल तर बॉइलच्या नियमाने अवघे ५ मिलिलिटर पेट्रोल खाली येईल. पेट्रोलची वाफ थोडी जागा भरून काढते, म्हणून प्रत्यक्षात किंचित अधिक. त्यानंतर इंजिन फ्लोटच्या वाटीतल्या साठ्यावर जगते. वाटीत ३० मिलिलिटर असेल, तर ६ ने भागा, पाच मिनिटे येतात. गंमत अशी, की टाकी काठोकाठ भरलेली असेल तर वर हवा थोडी, म्हणून इंजिन आणखी थोडे आधी बंद पडते. लोक मात्र पेट्रोल कमी असेल म्हणून टाकी भरत बसतात. इंजिन निवल्यावर झाकण सैल करून पाहा. ‘फुस्स’ असा आवाज आला तर चोर सापडला.

(कोकणात बागेतले गवत काढायला खांद्याला अडकवायचे जे ग्रासकटर वापरतात, त्यांत बहुधा फ्लोटऐवजी रबरी पडदा असतो, कारण ते यंत्र वाकडेतिकडे धरावे लागते. तिथे वाटीचे हे गणित लागू नाही, पण झाकणाचे भोक तिथेही बुजते.)

तिसरा प्रकार फसवा आहे. पंधरा-वीस मिनिटे झाली, इंजिन चांगले तापले, आणि एकाएकी थांबले. अर्धा तास निवल्यावर ते पुन्हा सुरू होते. बुजलेल्या झाकणाचे इंजिनही काही वेळाने पुन्हा सुरू होते, कारण फटीतून हळूहळू हवा शिरते. मग दोघांतला फरक कसा ओळखायचा? कान द्या. पेट्रोल कमी पडणारे इंजिन एकदम मरत नाही. वेग खाली जातो, वर येतो, चोक मिटल्यास थोडे तगते. ठिणगी गेली की मात्र दिवा मालवावा तसे ते थांबते आणि चोकचा काही उपयोग होत नाही. चक्रावरचे चुंबक ज्या कॉइलसमोरून फिरते, तिच्यात केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. तार कुठे तुटायला आली असेल, तर उष्णतेने प्रसरण होताच टोके दूर होतात, आणि निवल्यावर पुन्हा टेकतात.

तपासताना प्लगची वायर काढून ठेवल्याशिवाय पात्याजवळ हात नेऊ नका, बंद खोलीत इंजिन चालवू नका (धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो), आणि मोठे माणूस जवळ असू द्या. कॉइलचा रोध मल्टिमीटरने मोजता येतो, पण तो इंजिन बंद पडल्याबरोबर, कॉइल गरम असतानाच मोजावा. कॉइल काढून पिशवीत घालून दुकानात नेली, तर वाटेत ती निवेल आणि दुकानदार ती चांगली असल्याचे सांगून परत पाठवील.