परदेशीं बिर्‍हाड आणि घरची मोटार



कायमचें परदेशीं राहावयास निघालेल्या कुटुंबापुढें सामानाचा प्रश्न येतो, तेव्हां भांडीं, कपडे, पुस्तकें यांचा निकाल लवकर लागतो. अडते ती मोटार. ती हप्ते फेडून घेतलेली असते, तिच्यांत बसून मुलें शाळेला गेलेलीं असतात, आणि विकावयास काढली तर गिर्‍हाईक मनासारखी किंमत सांगत नाहीं. मग कोणी तरी म्हणतें, 'बोटीनें घेऊन जा कीं! भाडें असें कितीसें पडणार?' भाडें पुष्कळदां वाटतें त्याहून कमी पडतें, हें खरें आहे. घोटाळा भाड्यांत नसतो. तो पलीकडच्या किनार्‍यावरील कायद्यांत आणि मधल्या समुद्रांत असतो. म्हणून आज मी मुख्यतः या दोहोंविषयींच बोलणार आहें.

जहाजाच्या कचेरींत पाऊल टाकण्यापूर्वीं ज्या देशांत जावयाचें त्या देशाचा नियम पाहावा. मोटार बोटीवर चढवून देणारा दलाल चढविण्याचे पैसे घेतो. पलीकडच्या रस्त्यावर ती धांवूं शकेल कीं नाहीं, याची हमी तो घेत नाहीं. त्यानें ती घ्यावी अशी अपेक्षा धरणेंही बरोबर नव्हे.

अमेरिकेचें उदाहरण घ्या. मोटारींच्या सुरक्षिततेविषयीं तेथील संघराज्याचे स्वतंत्र नियम आहेत, आणि त्या नियमांप्रमाणें गाडी बांधली आहे असें सांगणारी कारखान्याची पट्टी गाडीवर असावी लागते. आपल्या देशांत विकण्यासाठीं चाकणला तयार झालेल्या गाडीवर अशी पट्टी नसते. १९८० नंतरच्या पांचसहा वर्षांत युरोपांतून, विशेषतः जर्मनींतून, अशा बिनपट्टीच्या गाड्या अमेरिकेंत खासगी रीतीनें हजारोंनीं आल्या. डॉलर तेव्हां महाग होता आणि तीच गाडी युरोपांत स्वस्त मिळे. १९८८ सालीं तेथील काँग्रेसनें कायदा करून ही वाट फार अरुंद केली. आतां नियमांत न बसणारी गाडी कायमची आणावयाची, तर सरकारनें मान्य केलेल्या आयातदाराकडून तिच्यांत फेरफार करून घ्यावे लागतात. आणि तेंही त्या नमुन्याची गाडी फेरफारास योग्य आहे असा सरकारी निर्णय झालेला असेल तरच. आपल्या मध्यम किमतीच्या मोटारीला हें परवडण्यासारखें नाहीं. गाडीला २५ वर्षें पूर्ण झालीं असतील तर मात्र सुरक्षिततेचे हे नियम तिला आडवे येत नाहींत. परदेशचा प्रवासी स्वतःच्या वापरासाठीं अशी गाडी एक वर्षापुरती नेऊं शकतो, परंतु मुदत भरतांच ती देशाबाहेर काढावी लागते. बिर्‍हाड करून राहणाराला या सवलतीचा उपयोग नाहीं.

इंग्लंडचा नियम इतका कडक नाहीं. आपल्याप्रमाणें तेथेंही रस्त्याच्या डाव्या अंगानें वाहन हांकतात, त्यामुळें सुकाणूच्या चाकाची अडचण पडत नाहीं. जो मनुष्य निदान १२ महिने इंग्लंडबाहेर राहिला आहे, आणि ज्यानें ती गाडी स्वतःजवळ ठेवून निदान ६ महिने वापरली आहे, त्याला वास्तव्य बदलल्याच्या कारणावरून जकात व कर या दोहोंची माफी मिळूं शकते. मात्र पुढील १२ महिने ती गाडी विकतां येत नाहीं, भाड्यानें देतां येत नाहीं, उसनीही देतां येत नाहीं. ही माफी मागावयाचें राहिलें तर काय होतें? मोटारीवर तेथील सर्वसाधारण जकात शेंकडा १०, आणि जकात मिळवून झालेल्या रकमेवर कर शेंकडा २०. वरवर पाहणारा म्हणेल, एकूण ३०. पण १०० चे ११० झाले आणि ११० वर २० टक्के म्हणजे २२; तेव्हां बोजा ३२ चा. शिवाय मूळचे १०० हे केवळ गाडीचे नव्हत. बोटीचें भाडें आणि विमाही त्यांत धरतात. यावरही एक गोष्ट उरते. दहा वर्षांच्या आंतील आणि त्या बाजारासाठीं न बांधलेली गाडी असेल, तर तिची एकेक अशी स्वतंत्र सरकारी तपासणी व्हावी लागते. दिवे, आरसे, धूर, पट्टे, सर्व कांहीं त्यांत येतें. दहा वर्षें उलटलेल्या गाडीला ही तपासणी माफ आहे. रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचा दाखला तेवढा लागतो.

आतां उलट दिशेनें पाहा. परदेशांतून आपल्याकडे परत येणारा मनुष्य जुनी गाडी आणूं म्हणेल, तर आपलें सरकार विचारतें कीं, ती तयार होऊन तीन वर्षांहून अधिक काळ लोटला आहे काय? लोटला असेल तर दार बंद. तीन वर्षांच्या आंतील असली तरी सुकाणूचें चाक उजवीकडे पाहिजे, आणि जहाजावर चढण्यापूर्वीं तिची रीतसर तपासणी झालेली पाहिजे. घरसामानाला वास्तव्य बदलतांना जी सवलत मिळते तिच्यांत मोटार येत नाहीं. तिच्यावरील जकात व कर मिळून गाडीच्या किमतीच्याही वर जातात. मुंबई ते लंडन आणि लंडन ते मुंबई हा सागरी मार्ग एकच. पण एका टोंकाला गाडीचें म्हातारपण उपयोगी पडतें आणि दुसर्‍या टोंकाला तेंच तिला बाद करतें. जातांना नेलेली गाडी पुढें कधीं परत आणूं, असा बेत कोणाच्या मनांत असेल तर त्यानें हें लक्षांत घ्यावें.

ऑस्ट्रेलियाचा खाक्या आणखी निराळा. तेथें गाडी निघण्यापूर्वींच आयातीची परवानगी हातांत असावी लागते. आधीं पाठवूं आणि मग अर्ज करूं, हें चालत नाहीं. स्वतःची म्हणून गाडी नेणार्‍यानें ती परदेशांत सलग वर्षभर बाळगलेली व वापरलेली असावी लागते. अ‍ॅसबेस्टॉसला तेथें ३१ डिसेंबर २००३ पासून पूर्ण बंदी आहे, त्यामुळें जुन्या गाडीच्या ब्रेकांत किंवा इंजिनाच्या पॅकिंगांत तें असल्यास खोळंबा होतो. आणि माती! चाकांच्या कमानींत साचलेली कोंकणची तांबडी माती, पावसाळ्यांत चिकटलेलें गवताचें बीं, यांना तेथें प्रवेश नाहीं. तेथील शेतीला परका रोग लागूं नये म्हणून ही काळजी आहे आणि तिच्यांत कांहीं गैर नाहीं. पण धुण्याचा, खोळंब्याचा खर्च गाडीच्या मालकावर बसतो. म्हणून गाडी येथेंच खालून वाफेनें धुवून घ्यावी.

'कार्नेट' या नांवाच्या परवान्यावर गाडी नेतां येईल, असा पुष्कळांचा समज असतो. आपल्याकडे वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारखी संस्था तो देते. पण तो प्रवाशाचा परवाना आहे. जकात न भरतां गाडी आंत न्यावी आणि मुदतींत परत बाहेर काढावी, एवढाच त्याचा हेतु. गाडी बाहेर न पडल्यास जामीन ठेवलेली रक्कम जाते.

कायद्याचा अडसर दूर झाला म्हणजे मग येथील कागद. गाडीवर बँकेचें कर्ज असेल तर तें फेडून बोजा उतरल्याची नोंद आर. टी. ओ.च्या दप्तरीं करून घ्यावी. कस्टमकडे 'शिपिंग बिल' भरावें लागतें. तें काम दलाल करतो. जहाज कंपनीकडून मिळणारी बिल्टी जपून ठेवावी, कारण मूळ बिल्टी दाखविल्याशिवाय पुष्कळदां पलीकडे माल हातीं पडत नाहीं. या भागांत फारसें गूढ नाहीं.

बोटीवर मोटार दोन रीतींनीं जाते. पहिली 'रो-रो' म्हणजे गाडी हांकतच जहाजाच्या पोटांत न्यावयाची. हीं जहाजें म्हणजे तरंगतीं गाडीखानेंच. त्यांत दहाबारा मजले असतात आणि मोठ्या जहाजांत ६,००० हून अधिक मोटारी मावतात. मुंबईच्या इंदिरा गोदींतून महाराष्ट्रांत बांधलेल्या मोटारी अशाच परदेशीं जातात. या रीतींत किल्ली परक्याच्या हातीं द्यावी लागते, आणि गाडींत दुसरें सामान बहुधा ठेवूं देत नाहींत. दुसरी रीत कंटेनरची. १९५६ च्या एप्रिलमध्यें अमेरिकेंत माल्कम मॅक्लीन यानें ५८ लोखंडी पेट्या 'आयडियल एक्स' या जहाजावर चढवून नेवार्क ते ह्यूस्टन नेल्या, तेव्हांपासून हा व्यापार वाढला. आपल्याकडे १९८९ सालीं सुरू झालेलें न्हावा-शेवा बंदर याच पेट्यांसाठीं प्रसिद्ध आहे. वीस फुटी पेटीची आंतली लांबी सुमारें ५.९ मीटर आणि रुंदी २.३५ मीटर. तेव्हां एक मोटार सुखानें बसते, पण बाजूला हात-सव्वा हातापेक्षां अधिक जागा उरत नाहीं आणि दार पुरतें उघडत नाहीं. तेथें हांक्या अंगानें सडसडीत असलेला बरा! आंत चाकांना लांकडी ठोकळे लावून पट्ट्यांनीं गाडी जखडतात, टांकींत तेल अगदीं थोडें ठेवतात आणि बॅटरीची तार सोडतात. हें जखडण्याचें काम कसें झालें, त्याचीं छायाचित्रें मालकानें घेऊन ठेवावींत.

आतां समुद्राकडे वळूं. बोटीनें माल नेणाराची जबाबदारी किती, हें फार थोड्यांना ठाऊक असतें. आपल्याकडे याविषयीं १९२५ चा कायदा होता. त्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्यानें घेतली. तत्त्व तेंच राहिलें. जहाजवाल्याची भरपाई ठराविक मर्यादेंत असते. ती आंतरराष्ट्रीय चलननिधीच्या हिशेबी नाण्यांत मोजतात, आणि वजनावर धरली तर दर किलोला दोन नाणीं पडतात. १,२०० किलोच्या मोटारीला २,४०० नाणीं, म्हणजे अजमासें तीन लाख रुपये. गाडी दहा लाखांची असली तरी हीच मर्यादा. बिल्टींत तिची किंमत आधींच जाहीर करून लिहविली असेल तर गोष्ट निराळी. शिवाय आग जहाजमालकाच्या स्वतःच्या दोषानें लागली नसेल, तर तो तेवढेंही देणें लागत नाहीं. खलाशांनीं जहाज चालविण्यांत चूक केली, तरीही तोच प्रकार.

अशा गोष्टी क्वचितच घडतात, पण घडतात. सप्टेंबर २०१९ मध्यें 'गोल्डन रे' हें जहाज अमेरिकेच्या जॉर्जिया किनार्‍याजवळ सुमारें ४,२०० मोटारींसह कलंडलें; त्याच्या तोलाचा हिशेब चुकला होता. फेब्रुवारी २०२२ मध्यें 'फेलिसिटी एस' अझोर बेटांजवळ पेटलें आणि सुमारें ४,००० मोटारी घेऊन १ मार्चला बुडालें. जुलै २०२३ मध्यें 'फ्रीमँटल हायवे' हॉलंडच्या किनार्‍यालगत पेटलें, तेव्हां एक भारतीय खलाशी प्राणास मुकला. मोटारीच्या किमतीपुढें त्या प्राणाची गोष्ट मोठी आहे, हें येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

आपली गाडी सुखरूप असूनही पैसे भरावे लागतात, असा एक प्रसंग आहे. त्याला 'जनरल अ‍ॅव्हरेज' म्हणतात. वादळांत सर्वांना वांचविण्यासाठीं एकाचा माल समुद्रांत फेंकला, तर त्याची हानि सर्वांनीं वांटून घ्यावी, हा र्‍होड्स बेटाचा प्राचीन नियम. तो रोमन कायद्यांत शिरला आणि आज 'यॉर्क-अँटवर्प नियम' या नांवानें चालतो. हिशेब साध्या त्रैराशिकाचा आहे. समजा, जहाज व त्यावरील सर्व माल मिळून ४०० कोटींचा, आणि तें वांचविण्यासाठीं खर्च झाला २० कोटी. म्हणजे दर शेंकडा ५. आपली मोटार ८ लाखांची असेल तर आपला वांटा ४० हजार. तो, किंवा त्याचा जामीन, दिल्याशिवाय गाडी ताब्यांत देत नाहींत. मार्च २०२१ मध्यें सुएझ कालव्यांत 'एव्हर गिव्हन' सहा दिवस अडकलें तेव्हां हाच नियम लावला गेला. त्यापूर्वीं मार्च २०१८ मध्यें अरबी समुद्रांत 'मार्स्क होनाम' पेटलें. तेथें तर माल वांचविणार्‍यांचें पारितोषिक आणि हा वांटा मिळून मालाच्या किमतीच्या शेंकडा ५४ इतका जामीन मागण्यांत आला. ज्याच्या पेटीला धूरही लागला नव्हता, त्यालाही.

यावर उपाय समुद्री विम्याचा. आपला नेहमींचा मोटारविमा येथें कामास येत नाहीं, कारण त्याची हद्द भारतापुरती, फार तर जादा पैसे भरून शेजारच्या कांहीं देशांपर्यंत असते. समुद्री विम्याचे प्रचलित प्रकार तीन आहेत आणि तिन्हींत जनरल अ‍ॅव्हरेजचा वांटा येतो. खरचटणें, पोंचा पडणें, चोरी यांसाठीं मात्र सर्वांत वरचा प्रकार घ्यावा लागतो.

माझ्या मतें चारपांच वर्षांची साधी मोटार येथेंच विकावी आणि तिकडे दुसरी घ्यावी. अपंग माणसासाठीं हातानें चालविण्याची सोय केलेली गाडी असेल, तर मात्र खटपट सार्थकीं लागते. तशी गाडी नव्या देशांत लगेच मिळत नाहीं आणि ती मिळेपर्यंत त्या माणसाचें घराबाहेर पडणें बंद होतें. अशा कुटुंबानें गाडी आपल्या आधीं पाठवूं नये. बंदरांत माल फुकट ठेवण्याचे दिवस मोजके असतात. पुढें रोजचें डॅमरेज चढूं लागतें, आणि मालक अजून व्हिसाच्या रांगेंत असतो. आपण पोंचून पत्ता ठरल्यावर दोनतीन आठवड्यांनीं बोट लागेल, असा बेत धरावा. तो धरतांना मार्ग विचारून घ्यावा. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रांत जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हां युरोपकडे जाणार्‍या अनेक बोटी आफ्रिकेला वळसा घालून गेल्या आणि त्यांना दहाबारा दिवस अधिक लागले.