पाच मिनिटांचे औषध

भूल देताना वापरले जाणारे एक औषध शिरेत गेले की मिनिटभरात रुग्णाचा श्वास थांबतो. तो थांबावा म्हणूनच ते दिलेले असते. त्याचे नाव सक्सिनिलकोलीन. ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे त्याला ‘स्कोलीन’ म्हणतात. आधी अंगभर बारीक थरथर उठते, पापण्या आणि खांदे फडफडतात, मग स्नायू पूर्ण सैल पडतात. तेवढ्यात भूलतज्ज्ञ श्वासनलिकेत नळी घालून श्वासाचे काम आपल्या हाती घेतो. पाच-दहा मिनिटांत औषधाचा असर ओसरतो आणि रुग्ण स्वतः श्वास घेऊ लागतो.

जवळजवळ सगळ्या माणसांच्या बाबतीत हे असेच घडते. काही थोड्यांचा श्वास मात्र तासन्‌तास परतत नाही. हे ज्यांच्यात इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळते असा एक समाज आंध्र, तेलंगण, कर्नाटक आणि तमिळनाडूत आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडपासून नागपूरपर्यंत तो पिढ्यान्‌पिढ्या व्यापारात रुजला आहे आणि मराठी बोलतो. हा आर्य वैश्य समाज, आपल्याकडच्या बोलण्यात कोमटी. त्यांच्यातल्या प्रत्येक घराला ही गोष्ट ठाऊक असावी, असे मला मनापासून वाटते. म्हणून हा लेख.

‘भूल दिली’ असे आपण एका दमात म्हणतो, पण त्यात दोन अगदी वेगळी कामे असतात. पहिले काम शुद्ध हरपवण्याचे. थायोपेंटोन १९३४ पासून वापरात आले. आज त्याची जागा बहुतेक ठिकाणी दुधासारख्या पांढऱ्या प्रोपोफॉलने घेतली आहे. सोयाबीनच्या तेलात विरघळवलेले हे औषध मेंदूतल्या ‘गाबा’ या शामक रसायनाचा जोर वाढवते आणि अर्ध्या-एक मिनिटात माणूस झोपतो. एका डोसानंतर तो काही मिनिटांत जागा होतो, पण तोवर औषध शरीराबाहेर गेलेले नसते. मेंदूला रक्त भरपूर मिळते, म्हणून औषध आधी तिथे पोहोचते. मग ते तिथून निघून स्नायूंत आणि चरबीत पांगते. मेंदूतले प्रमाण उतरले की जाग येते. केटामाइनची तऱ्हा निराळी. ते गुंगीबरोबर वेदनाही मारते आणि रक्तदाब सहसा पडू देत नाही, त्यामुळे अपघातात रक्त गेलेल्या रुग्णासाठी ते आजही हाताशी ठेवतात.

दुसरे काम स्नायू सैल करण्याचे. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाच्या टोकाला जे क्युरारे लावत, त्याचा शुद्ध केलेला अर्क मॉन्ट्रियलच्या हॅरोल्ड ग्रिफिथ यांनी २३ जानेवारी १९४२ रोजी शस्त्रक्रियेत वापरला आणि भूलशास्त्राची दिशाच बदलली. या औषधांनी झोप मात्र तसूभरही येत नाही. अमेरिकेतले डॉक्टर स्कॉट स्मिथ यांनी स्वतःवर क्युरारेचा पूर्ण डोस घेऊन ते पडताळले. बोटही हलवता येत नसताना आपण सगळा वेळ शुद्धीत होतो, हे १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाने जगाला कळले. स्नायू निकामी आणि मन जागे, ही अवस्था रुग्णाच्या वाट्याला येऊ न देणे हे भूलतज्ज्ञाचे फार मोठे कर्तव्य आहे.

मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन सुटते, ते स्नायूवरच्या ग्राहीवर बसते आणि स्नायू आकसतो. क्युरारेच्या घराण्यातली औषधे, म्हणजे व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम, ॲट्राक्युरियम, ती जागा नुसती अडवून बसतात. स्कोलीन म्हणजे ॲसिटिलकोलीनचेच दोन रेणू एकमेकांना जोडलेले. ते ग्राहीवर बसून आधी स्नायूला चेतवते, म्हणून ती थरथर. आणि नंतर तिथून हलत नाही, म्हणून लुळेपणा. त्याला मोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, स्नायूपाशी नसतेच. ते यकृतात तयार होते आणि रक्तद्रवात फिरत असते. नाव ब्युटिरिलकोलिनएस्टरेज. ते इतके तडफदार आहे की टोचलेल्या स्कोलीनचा बहुतेक भाग स्नायूपर्यंत पोहोचण्याआधीच मोडून जातो. आपण स्कोलीनला पाच मिनिटांचे औषध म्हणतो, पण ती पाच मिनिटे औषधाच्या अंगची नव्हेत, रक्ताच्या अंगची आहेत. विकर नसेल तर एरवीपेक्षा कितीतरी जास्त औषध स्नायूवर जाऊन बसते आणि ते हटवणारे कोणी नसते.

काही माणसांत हे विकर जन्मतःच सदोष असते, हे १९५० च्या दशकात व्हेर्नर कालोव यांनी टोरांटोत दाखवले. औषधाचा परिणाम आनुवंशिकतेवर कसा ठरतो, या शास्त्राच्या पायाभरणीतले ते काम. आर्य वैश्यांबाबतचे कोडे २००६ साली उलगडले. कोइमतूरच्या भारतियार विद्यापीठातले आर. बूपती, अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या ओक्साना लॉकरिज आणि त्यांचे सहकारी यांना या विकराच्या अमिनो आम्लांच्या साखळीत ३०७ व्या जागी ल्युसीनऐवजी प्रोलीन आढळले. एवढ्या एका बदलाने विकर जवळजवळ नाहीसे होते. आई आणि वडील दोघांकडून तो बदल आला तरच अपत्याला त्रास. एकाकडून आला तर ते फक्त वाहक.

समाजातल्या समाजात, बऱ्याचदा मामा-भाचीत किंवा आते-मामे भावंडांत लग्ने होत राहिली, त्यामुळे कधीकाळच्या मोजक्या पूर्वजांपैकी कोणाचा तरी हा बदल आजपर्यंत टिकला. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे के. थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइश यांच्या गटाने २०१७ साली दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समाजगटांचा अभ्यास मांडला, त्यातही वैश्य समाजाचे हे उदाहरण आहे. असा काही ना काही वारसा आपल्याकडच्या कितीतरी जातींत दडलेला आहे. इथे तो नेमका ओळखता आला, इतकाच फरक. यात लपवण्यासारखे काही नाही. विकर नसलेला माणूस ठणठणीत असतो, स्कोलीन मिळेपर्यंत त्याला काहीच जाणवत नाही. मुलीचे लग्न जमणार नाही या धास्तीने घरात हा विषय काढायचा नाही, हे मला पटत नाही.

विदर्भात याला आणखी एक पदर आहे. कापसावर फवारली जाणारी ऑरगॅनोफॉस्फेट वर्गातली कीटकनाशके हेच विकर बंद पाडतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, ते आपण विसरलेलो नाही. नुकतीच फवारणी करून आलेल्या माणसाला तातडीच्या शस्त्रक्रियेत स्कोलीन दिले, तर जन्मतः काही दोष नसतानाही त्याचा श्वास उशिरा परतू शकतो. गरोदरपणात आणि यकृताच्या आजारातही हे विकर कमी होते.

श्वास परतला नाही तर? क्युरारे घराण्यावरचा उतारा नीओस्टिग्मिन इथे कामाचा नाही. उरलेसुरले विकरही तो रोखतो. रोक्युरोनियमला वेढून निष्प्रभ करणारे सुगामाडेक्स स्कोलीनला स्पर्शही करत नाही. इलाज एकच: श्वास यंत्रावर चालू ठेवायचा, प्रोपोफॉलसारख्या औषधाने रुग्णाला झोपेत ठेवायचे आणि वाट पाहायची. व्हेंटिलेटर आणि माणसे हाताशी असतील तर रुग्ण सुखरूप उठतो. नागपुरात मेडिकल किंवा मेयो या मोठ्या सरकारी रुग्णालयांत ते शक्य आहे. आडगावच्या छोट्या प्रसूतिगृहात रात्री दोन वाजता सिझेरियन चालू असेल, तर हेच काही तास जीवघेणे ठरू शकतात.

मग स्कोलीन सोडून का देत नाहीत? पोट भरलेल्या रुग्णाला तातडीने नळी घालायची असते तेव्हा इतक्या वेगाने काम करणारे आणि इतके स्वस्त दुसरे औषध नाही. मोठ्या डोसातले रोक्युरोनियम तो वेग गाठते, पण त्याचा असर झटपट उतरवायला लागणाऱ्या सुगामाडेक्सची किंमत सगळ्यांना परवडत नाही. ॲट्राक्युरियम तसे संथ, मात्र ते शरीराच्या तापमानाला आणि आम्लतेला आपोआप मोडते; त्याला हे विकर लागतच नाही. या गुणामुळेच ते फ्रीजमध्ये ठेवावे लागते, २५ अंशांवर त्याची ताकद महिन्याला सुमारे ५ टक्के घटते. पंचेचाळीस अंशांच्या नागपुरी मे महिन्यात वीज गेलेल्या फ्रीजची काळजी म्हणूनच फार महत्त्वाची.

तपासणी साधी आहे: रक्तातले सिरम कोलिनएस्टरेज, तीच जी कीटकनाशकाच्या विषबाधेत करतात. घरात एकाचे प्रमाण नगण्य आले तर सख्ख्या भावंडांचीही करावी, त्यांच्यातल्या प्रत्येकाला चारात एक इतकी शक्यता असते. कोमटी आडनावांच्या शेवटी येणाऱ्या ‘वार’वर विसंबू नये, विदर्भ-नांदेड भागात तो इतर अनेक समाजांतही असतो. दोष आढळला तर पाकिटात एक कार्ड ठेवावे: ‘स्कोलीन आणि मिव्हाक्युरियम देऊ नये.’ मिव्हाक्युरियमही याच विकराने मोडते. दाताच्या डॉक्टरांचे लिग्नोकेनचे इंजेक्शन चालते, त्याचा या विकराशी संबंध नाही. आणि शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ घरातल्यांविषयी विचारतील तेव्हा ‘सगळे ठीक’ म्हणून मोकळे होऊ नये. काकांना किंवा आत्याला कधी ऑपरेशननंतर बराच वेळ मशीनवर ठेवावे लागले होते का, ते आठवून सांगावे.