स्वमग्न मुलाचा रमजान

रमजान सुरू झाला की घराचे घड्याळच बदलते. पहाटे सहेरी, सूर्यास्ताला इफ्तार, रात्री तरावीहची नमाज. इतर मुलांना याची मौज वाटते, स्वमग्न मुलाला मात्र ते जड जाते. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम हा रोग नव्हे, मेंदूची जडणघडणच वेगळी असते. यातील अनेक मुलांना ठरलेल्या दिनक्रमाचा आधार लागतो. गर्दी आणि मोठे आवाज सहन होत नाहीत. इफ्तारचा भोंगा वाजताच मूल कान झाकून ओरडते आणि पाहुणे म्हणतात, ‘लाडावून ठेवलंय!’ असे बोल ऐकून आई दावतीला जाणे सोडते, वडील मुलाला मशिदीत नेत नाहीत.

इस्लामची शिकवण वेगळी आहे. अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) हे प्रेषित मुहंमद (स.) यांचे अंध सहकारी. मक्केत प्रतिष्ठितांशी बोलताना प्रेषितांचे त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले, तेव्हा कुरआनच्या ‘अबस’ या ८०व्या अध्यायातून अल्लाहने प्रेषितांनाच समज दिली. पुढे मदिनेत सहेरीची वेळ संपे ती याच अंध सहकाऱ्याच्या अजानने. पहाट झाल्याचे लोक त्यांना सांगत, मग ते अजान देत. त्यांना दिसत नाही म्हणून काम काढून घेतले गेले नाही, लोकांनी मदत केली. नमाजमध्ये मूल रडल्याचे ऐकू आले की प्रेषित नमाज आटोपती घेत, असेही हदीसमध्ये आहे.

ज्याला समज नाही, त्याच्यावर रोजा बंधनकारक नाही. समज असलेली स्वमग्न मुले मोठेपणी रोजे ठेवतातही. त्यामुळे सक्ती नको, तसा परस्पर नकारही नको. रमजानपूर्वी चित्रांच्या तक्त्यावरून बदल समजावावेत, मुलाच्या जेवणाची वेळ शक्यतो तीच ठेवावी. मशिदीत कडेची जागा आणि कमी गर्दीची वेळ निवडावी.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळवण्यात पालकांनी संकोच करू नये. गणपतीतले ढोल-ताशे, दिवाळीचे फटाके यांच्या दिवसांत शेजारच्या घरातील आईचीही हीच परीक्षा असते. म्हणून इफ्तारचे आमंत्रण देताना एवढेच विचारावे, ‘मुलासाठी शांत खोली ठेवू का?’ कदाचित ते कुटुंब अनेक वर्षांनी दावतीला येईल.