आमच्या सतरा वर्षांखालच्या पोरांबद्दल

2017च्या सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचा विषय निघाला की टीव्हीवरचे जाणकार अजून तेच ऐकवतात : तीन सामने, तीन पराभव, नऊ गोल खाल्ले. आकडे खरे आहेत, पण 'पोरं कच्ची' हा निष्कर्ष मला अजिबात पटत नाही.

फिफाच्या फुटबॉल स्पर्धेत भारत पहिल्यांदाच उतरला होता. प्रशिक्षक डी मातोस त्याच वर्षी मार्चमध्ये आले, स्पर्धा ऑक्टोबरमध्ये. अमेरिकेविरुद्ध 0-2 मागे असताना अन्वर अलीचा फटका आडव्या खांबाला लागला आणि लगेचच्या प्रतिहल्ल्यात तिसरा गोल बसला. 0-3 वाचताना हे कुणाला दिसतं?

9 ऑक्टोबर, दिल्ली, समोर कोलंबिया. 82व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनचा कॉर्नर, जॅकसन सिंगचं हेडर, 1-1! विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. लगेच पुढच्या हल्ल्यात कोलंबियाने आघाडी घेतली, हे दुखतंच. पण गोलरक्षक धीरजने त्या दिवशी जे अडवलं, ते ज्यांनी पाहिलं त्यांनी या पोरांना 'कच्ची' म्हणू नये.

आपल्या महाराष्ट्राचा अनिकेत जाधवही त्या संघात होता. कोल्हापूरचा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. आमच्या कंधारकडे क्रिकेट-कबड्डीचंच वेड. त्या सप्टेंबरात 'मिशन वन मिलियन' या फुटबॉल उपक्रमामुळे राज्यभरच्या शाळांत फुटबॉल आले, तेव्हा इथल्या पोरांना सांगायला मराठी नाव मिळालं.

आणि पुढे? जॅकसन, अन्वर आणि त्याच संघातला सुरेश वरिष्ठ भारतीय संघातून खेळले. अनिकेत 2021-22मध्ये आयएसएल जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघात होता.