पहिल्या वर्गाचे जादा भाडे

लांबच्या प्रवासाचे तिकीट काढावयाची वेळ आली म्हणजे मध्यम स्थितीतल्या गृहस्थाच्या मनात एक प्रश्न हमखास उभा राहतो. चेन्नईत अर्धे आयुष्य नोकरी केलेले एखादे मराठी दांपत्य मुंबईला भाचीच्या लग्नाला निघालेले असते. वातानुकूल दोन-शायिका वर्गाचे भाडे परवडण्यासारखे असते. पण पतीला वाटते, आता वय झाले, एकदा तरी पहिल्या वर्गाने जावे. पत्नी म्हणते, "तेवढ्या पैशांत लग्नातला आहेर होईल." दोघांचेही म्हणणे खोटे नसते. पैसे मोजावयाचे ते कशासाठी, हे मात्र दोघांपैकी कोणीच नीट मांडलेले नसते.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. आगगाडीचे इंजिन एकच असते. पहिल्या वर्गाचा प्रवासी सोलापूरला जेव्हा पोहोचतो, त्याच क्षणी शेवटच्या डब्यात उभा असलेला प्रवासीही पोहोचतो. म्हणजे जादा भाड्याने वेळ विकत मिळत नाही, अंतरही कमी होत नाही. विकत मिळते ती दोन वर्गांतली तफावत. तफावतीला दोन टोके असतात. वरच्या वर्गात काय मिळते, हे सगळे पाहतात. खालच्या वर्गात काय मिळत नाही, हे फारसे कोणी पाहत नाही. वस्तुतः वरच्या वर्गाची किंमत ठरते ती या दुसऱ्या टोकावर. खालचा डबा जितका दुःसह, तितका वरचा डबा मोलाचा. खालचा डबा सुधारला की वरच्याचे मोल आपोआप उतरते. आगगाडीचा सारा इतिहास याच सूत्राने वाचता येतो, आणि त्यातले एक महत्त्वाचे पान नेमके मुंबई-मद्रास मार्गावरचे आहे.

हा लोहमार्ग 1871 साली पुरा झाला. मुंबईकडून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि मद्रासकडून येणारी मद्रास रेल्वे यांची गाठ रायचूरला पडली. पुढे 1917 च्या सप्टेंबरात गांधीजी याच मार्गाने मुंबईहून मद्रासला निघाले, तिसऱ्या वर्गाने. भाडे पडले तेरा रुपये नऊ आणे. डब्यावर बावीस माणसांची पाटी होती, आणि तीही केवळ बसण्यापुरती. मद्रास येईपर्यंत दोन रात्री काढावयाच्या होत्या, पण अंग टाकावयास धड जागा नव्हती. रायचूरनंतर तर गर्दी असह्य झाली. त्या महिन्याच्या अखेरीस रांचीहून त्यांनी या प्रवासाची हकीकत वृत्तपत्रांकडे पाठविली. तीत त्यांनी एक हिशेब मांडला आहे. मद्रासच्या प्रवासात पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून अधिक होते. मग तिसऱ्या वर्गाच्या उतारूला पहिल्याच्या सुखसोयींचा पाचवा हिस्सा तरी मिळतो काय, निदान दहावा तरी? हा त्यांचा सवाल होता. पहिला वर्ग पाचपट भाड्याच्या लायकीचा आहे काय, हे न विचारता तिसरा वर्ग त्याच्या एकपट भाड्याच्या लायकीचा आहे काय, असे त्यांनी विचारले. हिशेबाची हीच खरी बाजू आहे.

खालचा वर्ग इतका हलाखीचा का असावा? खर्च परवडत नाही म्हणून, असे उत्तर सहज सुचते. पण ज्यूल ड्युप्वी नावाच्या फ्रेंच अभियंत्याने 1849 सालीच वेगळे उत्तर दिले होते. त्या काळी युरोपात तिसऱ्या वर्गाचे काही डबे बिनछपराचे असत, बाके लाकडी असत. ड्युप्वीचे म्हणणे असे, की छप्पर घालण्याचा किंवा बाकांना गाद्या लावण्याचा खर्च किरकोळ आहे, तो वाचविण्यासाठी कंपन्या हे करीत नाहीत. ज्यांना दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडते त्यांनी तिसऱ्या वर्गात बसू नये, एवढ्यासाठी तिसरा वर्ग मुद्दाम गैरसोयीचा ठेवला जातो. गरिबाला छळावे हा हेतू नसतो. सधनाला धाक बसावा हा असतो. छळ मात्र गरिबाचाच होतो. आणि याच कारणाने पहिल्या वर्गाच्या उतारूवर जरुरीपेक्षा जास्त सुखांची खैरात केली जाते. कोणत्याही दुकानात एकाच मालाच्या तीन प्रती तीन किमतींना मांडलेल्या दिसल्या, तर ड्युप्वीची आठवण ठेवावी. स्वस्त प्रत नेहमीच स्वस्त घडविली म्हणून वाईट असते असे नव्हे. पुष्कळदा महाग प्रत खपावी म्हणून ती वाईट ठेवलेली असते.

या हिशेबाविरुद्ध जाण्याचे धाडस इंग्लंडातल्या मिडलंड रेल्वेने केले. 1872 मध्ये तिने आपल्या सर्व गाड्यांना तिसऱ्या वर्गाचे डबे जोडले. 1875 च्या प्रारंभी तिने दुसरा वर्गच काढून टाकला आणि तिसऱ्याच्या बाकांना गाद्या दिल्या. इतर कंपन्यांनी प्रथम नाके मुरडली. पण पुढे त्यांनाही हीच वाट धरावी लागली.

भारतात ही वाट स्वातंत्र्यानंतर दिसू लागली. 1955 साली जुना पहिला वर्ग रद्द झाला, दुसऱ्याला पहिला म्हणू लागले आणि मधल्या वर्गाला दुसरा. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला मद्रासच्या पेरांबूर भागात इंटिग्रल कोच फॅक्टरीचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. स्वित्झर्लंडच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्यात पोलादी पत्रे सांधून अखंड सांगाड्याचे डबे तयार होऊ लागले. तोवर लाकडी सांगाड्याचे डबे सर्रास असत. टक्कर झाली की ते एकमेकांत घुसत आणि माणसे चिरडली जात. पेरांबूरचा पोलादी सांगाडा अशा वेळी सहसा चुरा होत नसे. येथून प्रारंभी बाहेर पडलेले डबे तिसऱ्या वर्गाचे होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. वर्ग कोणताही असो, भोवतीचे कवच एकच. सुरक्षितता ही जादा भाडे देऊन घेण्याची वस्तू राहिली नाही. वर्गावर्गांतली सर्वांत मोठी तफावत अशी कारखान्यातच मिटली.

तिसरा वर्ग हे नाव 1974 साली गेले, तरी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात झोपावयास लाकडी फळ्याच होत्या. 1977 साली प्राध्यापक मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. कोकणातल्या राजापूरचे हे लोकप्रतिनिधी मुळात पदार्थविज्ञानाचे अध्यापक. त्यांची भूमिका अशी, की पहिला वर्ग खाली ओढावयाचा नाही, दुसरा वर उचलावयाचा आहे. त्या वर्षी 26 डिसेंबरला मुंबई आणि हावडा यांच्या दरम्यान गीतांजली एक्सप्रेस निघाली. तीत एकच वर्ग होता. पुढे दुसऱ्या वर्गाच्या फळ्यांवर दोन इंच जाडीच्या फोमच्या गाद्या बसू लागल्या. दोन इंच म्हणजे बोटाची दोन पेरे. पण त्या दोन इंचांनी लाखो माणसांची पाठ सुखावली, आणि पहिल्या वर्गाच्या तिकिटाचे मोलही एका रात्रीच्या झोपेपुरते कमी झाले.

एवढी पार्श्वभूमी ध्यानी घेऊन चेन्नईच्या त्या दांपत्याच्या प्रश्नाकडे वळावे. आजच्या नव्या धर्तीच्या, साधारण सारख्याच लांबीच्या डब्यांत प्रथम वर्गाच्या 24 शायिका असतात, वातानुकूल दोन-शायिका वर्गाच्या 52, तीन-शायिका वर्गाच्या 72 आणि साध्या शयनयानाच्या 80. प्रथम वर्गाच्या एका उतारूला दोन-शायिका वर्गाच्या दुपटीहून अधिक जागा येते. भाडे मात्र सामान्यतः दुपटीहून कमीच असते. केवळ जागेच्या मापाने पाहिले तर सौदा वाईट नाही.

पण माणूस जागा मोजून झोपत नाही. प्रथम वर्गात मिळते ती मुख्यतः एक गोष्ट: आतून कडी लावता येणारे दार. दोन-शायिका वर्गात फक्त पडदा असतो. दारामागे दोघांची किंवा चौघांची खोली. सामानाची मर्यादाही मोठी, माणशी 70 किलो, तर दोन-शायिका वर्गात 50. लग्नघरी निघालेल्यांना हे पुष्कळदा उपयोगी पडते.

न मिळणाऱ्या गोष्टीही मोजावयास हव्यात. प्रथम वर्गातही निम्म्या शायिका वरच्याच असतात आणि त्यांवर चढावेच लागते. दोघांची खोली मिळेल की चौघांची, आणि शायिका खालची की वरची, हे तिकीट काढताना कळत नाही. गाडी सुटण्याच्या आधी तक्ता तयार होतो तेव्हा ते ठरते. उलट दोन-शायिका वर्गात ज्येष्ठ नागरिकांसाठी काही खालच्या शायिका राखून ठेवलेल्या असतात. ज्याचे गुडघे दुखतात त्याला प्रथम वर्गातल्या वरच्या शायिकेपेक्षा दोन-शायिका वर्गातली खालची शायिका निःसंशय अधिक सुखाची. अधिक पैसे मोजून कमी सुख पदरात पडण्याचा हा मासला आहे. वर्गाच्या नावाला भुलणाऱ्यांच्या वाट्याला तो बहुधा येतो.

प्रवासाची लांबी हा दुसरा मुद्दा. चेन्नईहून मदुराईला रात्रीच्या गाडीने जावयाचे असेल, तर जेवून चढावे आणि पहाटे उतरावे. डोळे मिटल्यावर दार काय आणि पडदा काय, सारखेच. मुंबईचा सुमारे 1,280 किलोमीटरांचा प्रवास एका दिवसरात्रीचा. दिल्लीकडे जाणाऱ्या राजधानीचा सुमारे 28 तासांचा. जागेपणीचे तास जितके अधिक, तितके दाराचे मोल अधिक.

तिसरा मुद्दा भाड्याच्या हालचालीचा. राजधानीसारख्या गाड्यांना 2016 च्या सप्टेंबरात चढत्या भाड्याची पद्धत लागू झाली. जागा भरत जातील तसतसे भाडे पायरीपायरीने वाढते. पण प्रथम वर्ग त्यातून वगळला गेला. त्यामुळे गर्दीच्या दिवसांत, उशिरा तिकीट काढणाऱ्यापुरती, दोन वर्गांतली तफावत बरीच आटते. एरवी जी उधळपट्टी ठरली असती ती त्या दिवशी शहाणपणाची ठरते. म्हणून दोन भाड्यांतला फरक ज्याच्या त्याने, ज्या त्या दिवशी मोजावा; ऐकीव आकड्यांवर विसंबू नये.

हेच सूत्र विमानालाही लागू पडते. परदेशी असलेल्या मुलांना भेटावयास निघालेल्यांना प्रथम वर्ग की बिझनेस वर्ग, हा पेच कधीकधी पडतो. एके काळी आडवे होऊन झोपण्याची सोय प्रथम वर्गापुरतीच होती. 2000 साली ब्रिटिश एअरवेजने बिझनेस वर्गातही पूर्ण सपाट होणारे आसन आणले, आणि हळूहळू इतरांनीही. त्यानंतर अनेक कंपन्यांनी प्रथम वर्ग आखडता घेतला किंवा बंदच केला. खालच्या वर्गाला झोप मिळाली, तेव्हा वरच्या वर्गाजवळ विकावयास थोडेच उरले. आता तेथे जादा पैशांत मिळतात ती निवांतपणा, आदरातिथ्य आणि चांगले जेवण. ज्याला ती त्या किमतीची वाटतात त्याने घ्यावीत. झोपेसाठी मात्र घेण्याचे कारण नाही.

तेव्हा त्या दांपत्याने काय करावे? दोन प्रश्नांची उत्तरे शोधावीत. खालच्या वर्गात आपल्याला नेमके काय सोसावे लागेल? आणि जादा भाडे भरल्याने तेच खात्रीने टळेल काय? दोन्ही उत्तरे स्पष्ट असतील तर खुशाल पैसे मोजावेत, त्यात चैन नाही. दुसरे उत्तर डळमळीत असेल तर आहेर मोठा करावा.

या घरगुती हिशेबाच्या पलीकडे एक सार्वजनिक हिशेब आहे. तो गांधीजींनी याच मार्गावर मांडला होता. पेरांबूरच्या ज्या कारखान्यातून 2018 साली वंदे भारतची पहिली गाडी बाहेर पडली, त्याच कारखान्यातून 2023 साली बिनवातानुकूल अमृत भारतचेही डबे निघाले. ही दुसरी घटना पहिलीइतकीच मोठी मानली पाहिजे. कारण गाडीच्या दोन्ही टोकांना अनारक्षित डबे अजूनही जोडलेले असतात, आणि सणावाराला त्यांच्या दारात लोंबकळणारी माणसे दिसतात. वरच्या वर्गाचे तिकीट हाती असलेल्याने गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरून एकदा तिकडे चालत जावे. आपण जादा भाडे कशासाठी भरले, आणि खरे तर काय भरून निघावयाचे राहिले आहे, हे दोन्ही त्या डब्याच्या दाराशी कळते.