तर्री आणि पावलं

सकाळी ५.४५

जानेवारीत नागपुरात या वेळी अंधारच असतो. कानटोप्या चढवून आम्ही दोघं सेमिनरी हिल्सच्या रस्त्याला लागतो. पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर हे माप डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रात घरोघरी पोचवलं. त्यासोबतचा दोनदाच जेवण्याचा विचार आमच्या नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा. जिचकार २००४ साली अपघातात गेले, पण सकाळच्या रस्त्यावर त्यांचं नाव अजून निघतं.

माझं वजन सत्तरच्या आसपास. बसून राहिले असते त्यापेक्षा या फेरीत साधारण दोनशे कॅलरी जास्त खर्च होतात. दिवसभरात काहीही तोंडात टाकण्याआधी हा दोनशेचा आकडा मी आठवते.

सकाळी ७.००

परतीच्या चौकात तर्री पोह्यांच्या ठेल्याभोवती गर्दी जमलेली असते. साठ ग्रॅम कोरड्या पोह्यांत पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. त्यात फोडणीचं तेल, चणे आणि वरून तर्री धरली की प्लेट चारशेच्या घरात जाते. म्हणजे चाललो त्याच्या दुप्पट. रविवारी आम्ही घरी पोहे करतो. पोहे निम्मे, चणे जास्त, तर्री चमचाभर. नागपुरात राहून तर्री सोडायची नाही, पण ती मोजायची.

सकाळी ८.३०

सगळं ठरतं ते कढईपाशी. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅमला चार कॅलरी देतात, तर चरबी नऊ. म्हणून दिवसभराचं सगळ्यांचं तेल सकाळीच एका वाटीत काढून ठेवते. भाजी, वरण, रात्रीची फोडणी, सगळं त्यातूनच.

सासूबाईंचा विश्वास ज्वारीवर. भाकरी पोटाला चांगली, हे खरंच. पण पन्नास ग्रॅम पिठाच्या भाकरीत ३५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतातच. पोळीऐवजी भाकरी घेतली म्हणून ती अमाप खाता येत नाही. माझ्या ताटात अर्धी भाकरी, दोन अंड्यांची पोळी, घट्ट वरण, पालकाची भाजी आणि दही. भात नाही. हे झालं सहाशे कॅलरींचं पहिलं जेवण.

नवऱ्याला मधुमेह आहे. त्याच्या ताटातली भाकरी कमी करण्याआधी आम्ही डॉक्टरांकडे गेलो आणि गोळ्यांचं प्रमाण बदलून घेतलं. साखर उतरवणारी काही औषधं आणि इन्सुलिन तेवढंच ठेवून कर्बोदकं एकदम कमी केली, तर रक्तातली साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते. घरात असं औषध चालू असेल तर सुरुवात दवाखान्यातूनच करावी, हे मी प्रत्येकाला सांगते.

सकाळी ११.३०

ऑफिसात चहा येतो, सोबत बिस्किटं. कुणाचा वाढदिवस असला की संत्रा बर्फी. चहा बिनसाखरेचा घेते. बर्फीऐवजी पर्समधलं संत्रं सोलते. रस नाही, अख्खं संत्रं; चोथा पोटात गेला की साखर हळू चढते. तासातून एकदा उठून जिन्याने दोन मजले वर-खाली करते.

दुपारी १.३०

डबे उघडतात. मी ताक घेऊन बसते. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणते, "पहिल्या आठवड्यात दोन किलो गेलं ना मॅडम, अन् आता काटा हालूनच नाही राहिला!"

तिला समजावते. कर्बोदकं तोडली की स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेनचा साठा उतरतो, आणि ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमला धरलेलं तीनेक ग्रॅम पाणीही निघून जातं. पहिल्या आठवड्यातलं बरंचसं वजन ते पाण्याचं. चरबी त्यानंतर उतरते, आणि तीही खाणं खर्चापेक्षा कमी असेल तरच. तिच्या डब्यात भात नसतो, पण तुपात परतलेलं पनीर भरपूर असतं. भात गेला, कॅलरी तिथेच राहिल्या. ती दुखावू नये म्हणून मी डबा बंद करायला सांगत नाही. पनीर राहू दे, तूप काढ, काकडी-टमाटर वाढव, एवढंच सांगते.

दुपारी ४.३०

खरी भूक आता लागते. तीस ग्रॅम भाजलेले शेंगदाणे घरूनच मोजून आणलेले असतात. त्यात १७० कॅलरी. डब्यातून बोटांनी खात बसलं, की सकाळची अख्खी फेरी इथेच फिटते.

संध्याकाळी ६.००

गोकुळपेठेच्या बाजारात मेथी, वांगी, फुलकोबी, सांभार (म्हणजे कोथिंबीर). "ताई, तुरीच्या शेंगा घ्या न, ताज्या हायेत," भाजीवाली आग्रह करते. घेते. हिरव्या दाण्यांत कर्बोदकं आहेत, तशी प्रथिनंही आहेत; ज्या दिवशी दाण्यांची आमटी, त्या दिवशी रात्री भाकरी नाही.

संध्याकाळी ७.००

वीस मिनिटं ताकदीचा व्यायाम: खुर्चीवरून उठबस, भिंतीला रेटून जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं. वजन उतरताना चरबीसोबत स्नायूही झिजतात. स्नायूंना काम दिलं आणि प्रथिनं पुरवली, तर ते टिकतात. जेवणातली साखर सर्वांत जास्त ओढून घेतात ते हेच स्नायू. व्यायामाची खरी कमाई मी इथे मानते, जास्तीच्या ताटात नाही.

रात्री ८.००

दुसरं जेवण. आज दाण्यांची आमटी, भरपूर मेथी, वाटीभर पनीरची भुर्जी, कोशिंबीर. बेत सावजी रश्श्याचा असला तर रस्सा तासभर आधी करते, वर आलेलं तेल पळीने काढते आणि कुणाला हवं त्याला त्यातलं चमचाभर वाढते.

रात्री ९.३०

वहीत टिपण करते. आज खाणं साधारण साडेचौदाशे, खर्च साडेअठराशे, तूट चारशेची. त्यातले दोनशे पावलांचे, दोनशे कढईतून वाचलेले. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे या गतीने महिन्याला दीड किलो. वजन आठवड्यातून एकदाच बघते आणि कमरेला टेप लावते, कारण बायकांत ८० आणि पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या पुढची कंबर आपल्या लोकांत धोक्याची मानली जाते. जे जेवण सासूबाईंना, नवऱ्याला आणि मला वर्षभर आवडीने खाता येईल, तेच आमच्या घरी चालतं. महिन्याला दीड किलो त्यासाठी पुरेसं आहे.