जळजळ, व्रण आणि औषधाची गोळी

गोंदिया जिल्ह्यात धानाची रोवणी सुरू झाली की दिवसभर चिखलात वाकून कंबर धरते. मग एखादी वेदनाशामक गोळी घेतली जाते आणि पोटात जळजळ झाली की ॲसिडिटीची. या दोन गोळ्यांचा संबंध काय, ते पाहू.

आपल्या जठरात रोज सुमारे दीड ते दोन लिटर जठररस पाझरतो. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. मग जठर स्वतःलाच का पचवत नाही? कारण आतल्या अंगाला बायकार्बोनेटयुक्त चिकट श्लेष्म्याचा थर असतो. प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तो टिकवतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी औषधे वेदना कमी करताना ही द्रव्येही घटवतात. थर दुबळा होतो व व्रण पडू शकतो. हा परिणाम रक्तातूनही होत असल्याने, जेवून गोळी घेतली तरी धोका पूर्ण टळत नाही.

आम्लावरची औषधे मुख्यतः तीन प्रकारची असतात.

पहिली, आम्लनाशके. मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड जठरातल्या आम्लाशी संयोग पावून क्षार व पाणी बनवते. आराम लवकर पडतो, पण थोडाच वेळ टिकतो.

दुसरी, निरोप अडवणारी. हिस्टामिन पेशीवरच्या ठरावीक जागी बसले की आम्ल तयार करण्याचा निरोप मिळतो. ती जागाच अडवणारे सिमेटिडिन जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून 1976 मध्ये बाजारात आले. फॅमोटिडिन याच गटातले.

तिसरी, पंप बंद करणारी. पेशीतून हायड्रोजन आयन बाहेर टाकणारा प्रथिनाचा पंपच ओमेप्राझोल निकामी करते. जेवताना पंप कामाला लागतात, म्हणून ते जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचे. आम्लाने ते नष्ट होते, म्हणून त्यातले आवरण असलेले दाणे चावायचे नाहीत.

मात्र आम्ल कमी केले तरी व्रण पुन्हा का होत? 1982 मध्ये ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू वाढवून दाखवला. असे व्रण प्रतिजैविकांनी बरे होतात. या शोधाला 2005 चे नोबेल मिळाले.

वर्गात करून पाहा : जास्वंदाच्या अर्कात लिंबाचे पाणी घाला, रंग लाल होईल. आता आम्लनाशकाची गोळी कुटून थोडी थोडी टाका. रंग का बदलतो, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या. सोबत एवढेही सांगा : शौचाला डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत रक्त दिसले, तर गोळी शोधत बसू नये, तडक दवाखाना गाठावा.